उभ्या गाडीचा पैसा

रुग्णवाहिकेच्या आयुष्यातला सगळ्यात थाटाचा दिवस म्हणजे पहिला. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, फुटलेला नारळ, दारावर ‘स्थानिक विकास निधीतून’ अशी टपोरी अक्षरे आणि चावी देणाऱ्या-घेणाऱ्यांचा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडला, तसे महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याला, हे लोकार्पण सोहळे नवे नाहीत. तीच गाडी पुढे दरमहा चालकाचा पगार मागते, दर फेरीनंतर भरलेला सिलिंडर मागते, तिसऱ्या वर्षी टायर आणि चौथ्या वर्षी क्लचप्लेट मागते. त्याची फीत कुणी कापत नाही. खासदार-आमदारांचा निधी कायमची मालमत्ता उभी करण्यासाठी असतो. पगार, डिझेल, दुरुस्ती हा आवर्ती खर्च त्यात बसत नाही. मग गाडी येते आणि तिला चालवायचे कशावर हा प्रश्न आरोग्य केंद्राच्या आवारात तिच्याबरोबरच उभा राहतो. आपत्कालीन सेवेला पैसा कमी पडतो असे आपण मोघम म्हणतो. नेमके सांगायचे तर, गाडी घेण्याला पैसा सापडतो, गाडी धावली की डिझेलचे बिलही कसेबसे निघते. पण गाडी तयार अवस्थेत उभी आहे त्या तासांचे पैसे कुणाच्याच हिशेबात नीट धरलेले नसतात. रुग्णवाहिकेचा खरा खर्च तर त्या उभ्या तासांचाच असतो.

हे जरा उलटे वाटेल, म्हणून आकडेमोड करून पाहू. आठवड्याचे तास १६८. एक माणूस कायद्याने आठवड्याला ४८ तास काम करणार. म्हणजे एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण, सणवार धरले तर चार. गाडीवर एक चालक आणि एक डॉक्टर हवा, म्हणजे आठ माणसे. त्या दिवशी एकही फोन आला नाही तरी ही आठ माणसे लागणारच, आणि दहा फोन आले तरी तेवढीच. शहरातला अग्निशमन दलाचा बंब महिनाभर शेडमध्ये उभा राहिला तर लोक ते आपले नशीब समजतात; बंब वापरात नाही, पगार कापा, असे कुणी म्हणत नाही. रुग्णवाहिकेच्या बाबतीत मात्र ‘फेऱ्या किती झाल्या?’ हाच पहिला प्रश्न असतो.

महाराष्ट्रात सरकारी रुग्णवाहिकांच्या दोन मुख्य व्यवस्था आहेत, आणि लोकांच्या मनात त्यांची बरीच सरमिसळ होते. १०२ ही प्रामुख्याने गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी. २०११ साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून दवाखान्यात, गरज पडल्यास तिथून मोठ्या रुग्णालयात आणि नंतर परत घरी, असा प्रवास फुकट मिळण्याचा हक्क आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात दिसते ती बहुधा ही गाडी. १०८ ची सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली. अपघात, हृदयविकार, सर्पदंश, सगळ्याच तातडीच्या प्रसंगांसाठी. सुरुवातीला राज्यभरात ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ ‘अॅडव्हान्स’ म्हणजे व्हेंटिलेटरसह आणि ७०४ ‘बेसिक’. शहापूर तालुक्यातल्या डोळखांबहून लावलेला फोन पुण्यात औंधच्या नियंत्रण कक्षात वाजतो आणि तिथून जवळच्या गाडीला निरोप जातो. गाडीच्या चालकाला या व्यवस्थेत ‘पायलट’ म्हणतात. हुद्दा विमानाचा, नेमणूक कंत्राटी. थकलेल्या पगारासाठी राज्यात कुठे ना कुठे १०२ आणि १०८ च्या चालकांची आंदोलने गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा झाली आहेत, ती याच कारणाने.

आता ही व्यवस्था शहापूरच्या नकाशावर ठेवून पाहावी. केंद्र सरकारचा ढोबळ निकष असा की लाख लोकसंख्येमागे एक बेसिक आणि पाच लाखांमागे एक अॅडव्हान्स गाडी. २०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या तीन लाख चौदा हजारांच्या घरात होती, मुरबाडची एक लाख नव्वद हजारांच्या. निकषाप्रमाणे शहापूरला तीन बेसिक गाड्या पुरल्या. पण शहापूर हा ठाणे जिल्ह्यातला क्षेत्रफळाने सर्वात मोठा तालुका, सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरचा. म्हणजे एका गाडीच्या वाट्याला पाचशे चौरस किलोमीटर. हाच निकष मुंबईला लावला तर १ कोटी २४ लाख लोकांसाठी १२४ गाड्या आणि प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम पाच चौरस किलोमीटर येतात. कागदावर दोन्हीकडे न्याय सारखा. डोकी मोजली, अंतर मोजलेच नाही.

पाचशे चौरस किलोमीटरचे वर्तुळ काढले तर त्याची त्रिज्या साडेबारा किलोमीटर भरते. गाडी बरोबर मध्यावर उभी असेल आणि रस्ता सरळ असेल तर ग्रामीण भागासाठीचे अर्ध्या तासाचे उद्दिष्ट गाठता येते. पण शहापुरात रस्ता सरळ नाही. तो भातसा धरणाच्या पाण्याला वळसा घालतो, घाटाच्या पायथ्याला जाऊन संपतो, आणि पुढे पाड्यापर्यंत पायवाट. शिवाय गाडी मध्यावर उभी असेल हे तरी कशावरून? शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून रुग्ण पुढे पाठवायचा तर ठाणे साठेक किलोमीटरवर, मुंबईत सायनला न्यायचे तर आणखी पुढे. भिवंडी बायपासची कोंडी, तिथे पोचल्यावर खाट मिळेपर्यंतची ताटकळ, मग परतीचा प्रवास. पाच-सहा तास सहज जातात. तेवढा वेळ तीनपैकी एक गाडी तालुक्यात नाही. दुसरी गॅरेजात असेल तर दीड हजार चौरस किलोमीटरला एक उरली. मुरबाडची तऱ्हा थोडी निराळी. तालुक्यात रेल्वे नाही, कल्याण-उल्हासनगर तीसेक किलोमीटरवर. पण टोकावडे, मोरोशीकडून माळशेजच्या पायथ्यापासून निघालेल्या माणसाला मुरबाड गाठतानाच अर्धा-पाऊण तास लागतो, आणि पावसाळ्यात घाटात दरड आली की वेळेचा हिशेब मांडण्यात अर्थ नसतो.

एक वस्तू जवळून पाहू. रुग्णवाहिकेत आडवा बांधलेला बी-टाईप सिलिंडर, गळ्याशी किल्ली, वर काट्याची तबकडी. भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर प्राणवायू असतो. धाप लागलेल्या रुग्णाला मिनिटाला दहा लिटर लागले तर तो अडीच तास पुरतो. वाशाळ्याहून किंवा डोळखांबहून निघून, शहापूरला थांबून, कोंडीतून ठाण्याला पोचेस्तोवर काटा तांबड्या पट्टीवर आलेला असतो. ठाण्याने ‘सायनला न्या’ म्हटले तर दुसरा भरलेला सिलिंडर गाडीत हवा. तो भरून आणायला काही शे रुपये लागतात, तो बदलायला दोन मिनिटे. पण तो भरायचा कुणाच्या बिलावर, ते बिल किती महिन्यांनी निघणार, तोवर पुरवठादार उधारी ठेवणार का, या प्रश्नांची उत्तरे लावून ठेवलेली असतील तरच तो दुसरा सिलिंडर त्या रात्री गाडीत असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेजारच्या पालघर जिल्ह्यात एका गरोदर बाईला सिल्वासाला हलवताना साधनसज्ज गाडी वेळेत मिळाली नाही आणि ती बाई वाटेतच दगावली. अशा बातमीत दोष डॉक्टरचा की चालकाचा याची चर्चा होते. गाडीची तयारी कोणत्या लेखाशीर्षाखाली आणि किती रुपयांची होती, हे कुणी विचारत नाही.

पैसा येतो कुठून? राष्ट्रीय आरोग्य अभियानातून १०८ साठी गाड्या घ्यायला मदत मिळते. चालवण्याच्या खर्चाला केंद्राने ठरवलेले प्रमाण मात्र उतरते राहिले: पहिल्या वर्षी ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ४०, तिसऱ्या वर्षापासून २०. योजना रुजली की राज्याने ती आपल्या पायावर उभी करावी, हा विचार तत्त्व म्हणून वाईट नाही. पण गाडीचा खर्च बरोबर उलट्या दिशेने चालतो. पहिल्या वर्षी ती कोरी असते, काही मागत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी, म्हणजे मदत आटते तेव्हाच, ती खाऊ लागते. जिथे राज्याने वेळीच मोठा वाटा उचलला तिथे सेवा टिकली. १०८ ची मूळ कल्पना हैदराबादची. २००५ साली सत्यम कंपनीच्या रामलिंग राजूंनी ती सुरू केली. जानेवारी २००९ मध्ये सत्यमचा घोटाळा बाहेर आला आणि राजू तुरुंगात गेले. सेवा त्याच महिन्यात बंद पडायला हवी होती. ती पडली नाही, कारण तोवर चालवण्याच्या खर्चाचा मोठा भाग सरकार उचलू लागले होते. पुढे व्यवस्थापन जीव्हीके समूहाकडे गेले आणि गाड्या धावत राहिल्या. दाता किती मोठा याला फारसे महत्त्व नसते, दरमहाचा पैसा कुठून येतो याला असते.

सरकारजवळ पैसा नाही, हे उत्तर कायद्याच्या दारात टिकत नाही. जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालात मथुरापूर स्टेशनवर एक मजूर रेल्वेगाडीतून पडला. डोक्याला मार होता. तिथल्या आरोग्य केंद्राने पुढे पाठवले आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परतवून लावले. शेवटी त्याने खासगी दवाखान्यात उपचार घेतले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९६ च्या निकालात न्यायालयाने तातडीच्या उपचाराचा संबंध थेट जगण्याच्या हक्काशी जोडला, पैशाची चणचण ही सबब राज्याला पुढे करता येणार नाही असे म्हटले, आणि खालच्या केंद्रातून वरच्या रुग्णालयात नेण्यासाठी रुग्णवाहिकांची नीट सोय असावी हेही सांगितले. आसनगाव ते कसारा या पट्ट्यात, जिथे लोकल हीच अनेकांची रोजीरोटीची वाट आहे, तिथे हा निकाल दूरच्या बंगालचा वाटू नये.

यावर आक्षेप येतात, आणि त्यांतला पहिला दमदार आहे. रस्ता नाही तिथे रुग्णवाहिका काय कामाची? पाड्यावरून बाईला चादरीच्या झोळीत, बांबूला बांधून फाट्यापर्यंत आणावे लागते. आधी रस्ता करा, मग गाडीचे बोला. रस्ता हवाच. पण रस्ता ही एकदाची गोष्ट आहे, तिचे काम निविदेतून कधी ना कधी निघते. झोळी फाट्यावर पोचते तेव्हा तिथे गाडी उभी आहे की नाही, हा प्रश्न रस्ता होण्याआधीही असतो आणि झाल्यावरही. उलट रस्ता नसलेल्या भागातच गाडीने आधी येऊन थांबायला हवे, म्हणजे उभे राहण्याचे तास वाढले; फेऱ्यांवर पैसे देणाऱ्या पद्धतीला हे तास दिसतच नाहीत. आशाताईंनी अवघडलेल्या बाईची खबर आधी दिली आणि गाडी दोन तास फाट्यावर थांबली, तर हिशेबात ते दोन तास वाया गेलेले धरले जातात.

दुसरा आक्षेप असा की परवडते त्याच्याकडून पैसे घ्या, गाडी आपला खर्च आपण काढेल. हा प्रयोग जगात झालेला आहे. अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विम्याकडून रुग्णवाहिकेला पैसे मिळतात ते रुग्ण वाहून नेल्याचे आणि मैलांचे. तयार राहण्याचे नाहीत. शहरात फेऱ्या भरपूर, तिथे गणित जुळते. विरळ वस्तीच्या भागात फेऱ्या थोड्या, अंतरे लांब. तिथल्या सेवा स्वयंसेवकांच्या जिवावर रेटल्या जातात किंवा बंद होतात. अमेरिकेत जे विरळ परगण्यात झाले ते किन्हवलीत व्हायला वेळ लागणार नाही. आणि इथे पैसे भरणार कोण? वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेला कातकरी, की भाताची एक लावणी झाल्यावर रोजगार शोधणारा ठाकूर? फोन करताना भाड्याचा विचार मनात आला की माणूस सकाळपर्यंत थांबतो. मण्यारीच्या दंशात सकाळपर्यंत थांबणे म्हणजे काय, हे या भागात कुणाला सांगायला नको. सूज नाही, फारशी वेदना नाही, आणि पहाटे पापण्या मिटू लागतात, श्वास मंद होतो. तेव्हा प्रतिविषाइतकाच कृत्रिम श्वास लागतो, आणि तो लांबच्या रुग्णालयात असतो.

तिसरा आक्षेप मी स्वतः हलका मानत नाही: सरकारी पैसा ओतला की तो कंत्राटात मुरतो. राज्याने नव्या दहा वर्षांच्या कंत्राटात गाड्यांची संख्या १,७५६ पर्यंत नेण्याचे ठरवले आहे. त्यात २५५ अॅडव्हान्स, १,२७४ बेसिक, नवजात बाळांसाठी ३६, शिवाय १६६ दुचाकी आणि २५ बोटी. त्याच्या किमतीवरून राजकीय वाद झाला, आणि होणे बरेच. पण वाद कंत्राटाच्या एकूण आकड्यावर होतो, पैसे कशाचे मोजायचे यावर होत नाही. फेरीमागे पैसे दिले तर खोट्या फेऱ्या निघतील. गाडीमागे सरसकट महिना दिला तर गाडी नादुरुस्त उभी राहिली तरी बिल निघेल. पैसे तयार तासांचे द्यावेत: गाडी चालू, दोन्ही माणसे हजर, सिलिंडर भरलेले, डिफिब्रिलेटरची बॅटरी चार्ज, एवढे असेल तो तास मोजायचा, नसेल तो कापायचा. हे तपासायला मंत्रालयातले पथक लागत नाही. आरोग्य केंद्राच्या आवारात गाडी आहे की नाही हे समोरच्या टपरीवाल्यालाही दिसते.

देणगीच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. त्या चांगल्या हेतूने येतात आणि कोविडच्या काळात त्यांनी जीव वाचवले. पण देणगीदाराने गाडीबरोबर पाच वर्षांच्या चालकाची आणि दुरुस्तीची रक्कम दिली नसेल तर ती भेट नाही, पाहुण्याने घरात आणून बांधलेली म्हैस आहे. तालुक्याने अशी गाडी नम्रपणे नाकारावी.

मग पैसा आणायचा कुठून, याचे एक उत्तर शहापूरच्याच जमिनीवर साठलेले आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी भातसा सर्वात मोठा. सातांच्या साठ्यापैकी जवळपास निम्मे पाणी एकट्या भातसात. तानसाही शहापुरातच. भातसा राज्याच्या जलसंपदा विभागाचे धरण आहे आणि मुंबई महापालिका त्याच्या पाण्याचे पैसे सरकारला मोजतेच, तेव्हा नवे खाते उघडायचीही गरज नाही. मुंबईची रोजची उचल चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास. त्यातली निम्मी भातसाची धरली तर दोन हजार दशलक्ष लिटर, म्हणजे वीस लाख किलोलिटर. दर किलोलिटरला, हजार लिटरला, अवघे दहा पैसे जास्त घेतले तर दिवसाला दोन लाख रुपये होतात, वर्षाला सात कोटी तीस लाख. कुलाब्याच्या किंवा मुलुंडच्या घराला महिन्याच्या बिलात ते जाणवणारसुद्धा नाहीत. धरणाने ज्यांची शेते आणि वाटा बुडवल्या त्यांच्या पाड्यांपर्यंत वळसा घालून जावे लागते, गाडी उशिरा पोचते ती काही अंशी त्या पाण्यामुळेच. तेव्हा हा उपकार नाही, हिशेब आहे. मुंबईकर म्हणेल, आमचा कर आमच्या शहरासाठी. एरवी हे म्हणणे मानता येईल; पाण्याच्या बाबतीत ते म्हणताना नळाकडे पाहावे.

दुसरा स्रोत रस्त्याचा. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलच्या व्यवस्थेत त्या पट्ट्यासाठी रुग्णवाहिका ठेवण्याची तरतूद असते. १०३३ हा क्रमांक त्याचाच. राज्याच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो. याच कामावर १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्री सरळांबे इथे गर्डर उचलणारे यंत्र कोसळून वीस माणसे मेली. असे काही झाले की तालुक्यातली प्रत्येक गाडी तिकडे धावणार, धावायलाच हवी; पण त्या रात्री टाकीपठारावर कुणाचे पोट दुखू लागले तर? महामार्गावरून जाणाऱ्या मोटारीसाठी टोलच्या पैशातून गाडी उभी असते, आणि पुलाखालच्या पाड्याला तिच्यावर हक्क नसतो. टोलमधला ठरावीक हिस्सा त्या तालुक्याच्या आपत्कालीन सेवेला मिळावा आणि महामार्गाची गाडी १०८ च्या यादीत धरली जावी, यासाठी नवा कायदा लागत नाही, करारात एक कलम लागते.

हे दोन्ही स्रोत पूरक आहेत, मुख्य भार राज्याच्या अंदाजपत्रकावरच राहणार. त्यात एक गोष्ट आजवर सुटली आहे: घसारा. २०१४ साली ९३७ गाड्या एकदम रस्त्यावर आल्या आणि एकदमच म्हाताऱ्या झाल्या. एसटीच्या आगारात बस किती किलोमीटर चालली की मोडीत काढायची याचा आडाखा असतो. रुग्णवाहिकेच्या किमतीचा सातवा-आठवा हिस्सा पहिल्या वर्षापासून बाजूला पडला तर दरवर्षी थोड्या गाड्या बदलत राहतील आणि दहा वर्षांनी सगळ्या सेवेला एकदम धाप लागणार नाही. त्या पैशाला हात लावायला बंदी असावी, नाहीतर तो मार्चअखेरीस दुसरीकडे वळेल.

आणि हे सगळे लोकांना दिसायला हवे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लसीकरणाचा तक्ता असतो, प्रसूतींची संख्या असते. त्याच भिंतीवर खडूने आणखी तीन आकडे लिहिता येतील: गेल्या महिन्यातल्या ७२० तासांपैकी गाडी किती तास तयार होती, किती तास तालुक्याबाहेर होती, आणि किती तास गॅरेजात. ग्रामसभेत शेणव्याच्या किंवा धसईच्या माणसाला तो तिसरा आकडा वाचता आला, की पुढचा प्रश्न काय विचारायचा ते त्याला कुणी शिकवावे लागणार नाही.